दर मे महिन्यात भाजीबाग जळते : पाणी वाढवण्याआधी काय तपासायचं

फेब्रुवारीत डोळ्यांत भरणारी बाग एप्रिल संपता संपता माना टाकायला लागते. मे महिन्यात पानांच्या कडा करपतात, टमाटरला फुलं येतात आणि गळून जातात, सांबार (कोथिंबीर) तर कधीच फुलावर येऊन संपलेला असतो. मृग लागेपर्यंत कुंड्यांत नुसत्या काड्या. नागपुरात हे दरवर्षीचं आहे, आणि सांगणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो : "पाणी तर दोन टाइम देतो जी, तरी असं होते." मग तो तिसऱ्यांदा पाणी द्यायला लागतो आणि उरलंसुरलं झाडही जातं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मरणारी बरीच झाडं तहानेनं मरत नाहीत. कुणाची मुळं तापलेल्या कुंडीत शिजतात, कुणाला बोअरचं खारं पाणी मारतं, कुणाला वारा, कुणाला कोळी ही बारीक कीड. प्रत्येकाची खूण झाडाच्या वेगळ्या जागी आणि दिवसाच्या वेगळ्या वेळी दिसते. ती आधी ओळखायची, उपाय नंतर.

ऊन किती, हे काही सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं तर थेट ५६ दाखवले. सेन्सर बिघडला होता हे नंतर कळलं, पण तोवर फोटो सगळ्या जगात फिरले होते. भाजीला मात्र ४७ ची गरज नसते. ४२-४३ वरच तिचं बरंचसं कामकाज बंद पडतं.

पहिली तपासणी : सकाळी सहाला

दुपारी दोन वाजता दोडक्याची, भोपळ्याची मोठी पानं लोंबलेली दिसली तर घाबरू नका. मुळं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडतं, म्हणून झाड पानं लोंबवून घेतं आणि अंगावरचं ऊन कमी करतं. संध्याकाळी सातला तेच वेल पुन्हा ताठ उभे असतात. या लोंबण्यावर दुपारी पाणी घालायची काही गरज नाही.

झाड सकाळी सहालाही कोमेजलेलं असेल तर मात्र दुखणं खरं आहे. आता बोट मातीत घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. इथून तीन वाटा फुटतात.

बोटाला माती कोरडी लागली, तर पाणी खरंच कमी पडतंय. पण कुंडीत एक फसवणूक असते. कोकोपीट किंवा जास्त पालाखत असलेलं मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरतच नाही. मातीचा गोळा आकसतो, कुंडीच्या कडेनं फट पडते, वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकावाटे बाहेर. तुम्हाला वाटतं कुंडी भरली, आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा. अशी कुंडी उचलून पाहा, हलकी लागेल. ती टबात किंवा घमेल्यात पाणी घेऊन अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. उचलण्यासारखी नसेल तर गोळ्याला सळईनं चार-सहा भोकं पाडा आणि थोड्या थोड्या वेळानं तीन-चारदा थोडं थोडं पाणी द्या.

बोटाला माती ओली लागली आणि तरी झाड मलूल, तर पाणी ताबडतोब थांबवा. गरम आणि सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. वरून दिसणारं चित्र अगदी तहानेसारखंच. खालची पानं पिवळी पडलेली असतात, माती हुंगली तर आंबूस वास येतो. मे महिन्यात सगळ्यात जास्त चुकीचं निदान होतं ते इथेच.

तिसरी वाट गच्चीवाल्यांची. माती ओलीही आहे, वासही नाही, पण कुंडीला पश्चिमेच्या बाजूनं हात लावला तर चटका बसतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि ग्रो बॅग दुपारभर ऊन पितात, खालून स्लॅब तापतो, आणि कडेला चिकटलेली कोवळी मुळं त्यात मरतात. कुंड्या विटांवर चढवा म्हणजे खालून हवा खेळेल. सगळ्या एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या बाजूला रिकाम्या किंवा कमी महत्त्वाच्या. बाहेरून जुनं पोतं गुंडाळा, नाहीतर सरळ चुना फासा. चुन्याचा हात स्वस्त आहे आणि फरक त्याच आठवड्यात कळतो.

पाणी किती आणि कुठलं

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात, लू (गरम कोरडा वारा) सुरू असताना, भरलेल्या वाफ्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडतं. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला रोजचे सत्तर लिटर, साधारण पाच बादल्या. तेवढं पाणी तुमच्याकडे नसेल तर वाफा निम्मा करा. सगळ्या बागेला अर्धपोटी ठेवण्यापेक्षा अर्धी बाग पोटभर वाढवलेली बरी. आपलं पाणी पेंच आणि कन्हान नद्यांवर अवलंबून आहे. २०१९ च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण मृतसाठ्यावर गेलं तेव्हा शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं होतं. तेही भर पावसाळ्यात. बागेचं गणित नळ चोवीस तास चालेल असं धरून मांडू नये.

वेळ पहाटेची. पहाटे दिलेलं पाणी ऊन चढायच्या आत मुळांपर्यंत पोचतं. संध्याकाळी द्यायचं तर माती कोमट होईपर्यंत थांबा, आठनंतर. दुपारी पाणी दिलं की थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात असं सांगतात, त्यात फार तथ्य नाही. जळतात ती वेगळ्या कारणानं : गच्चीवरच्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी दुपारी हाताला सोसत नाही इतकं तापलेलं असतं. तेच पाणी रोपाच्या बुडाशी ओतलं तर काय होणार? पाइप जोडला की पहिलं गरम पाणी बादलीत काढून ठेवा, निवल्यावर वापरा.

आता कूलर. उन्हाळ्यात नागपूरच्या घराघरात कूलर चालतो आणि टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालण्याची आपली पद्धत आहे. वाया का घालवायचं, हा विचार चांगलाच. पण कूलर करतो काय? पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. दिवसभर चाललेल्या कूलरच्या तळाचं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं; कूलर बोअरवर भरत असाल तर विचारूच नका. वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच थर तुम्ही कुंडीत घालता आहात. आरओच्या नळीतून फेकलं जाणारं पाणीही तसंच. फरशी पुसायला, अंगण शिंपडायला, कुठे जुन्या कडुनिंबाच्या बुडाशी चालेल. भाजीच्या कुंडीला नको.

खाऱ्या पाण्याची खूण ठरलेली आहे. पानाचं टोक आणि कड तपकिरी होऊन कुरकुरीत होते, मधला भाग हिरवाच राहतो, आणि हे जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतं. मातीवर आणि मातीच्या कुंडीच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती बुरशी नसते, क्षार असतात. वरची इंचभर माती खरवडून फेका आणि एकदा नळाचं गोडं पाणी खालून भरपूर वाहून जाईल इतकं द्या, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट तरी. नंतर उन्हाळाभर तीन आठवड्यांतून एकदा असं धुऊन काढा. पाणी टंचाईत हे जिवावर येतं, कबूल. पण क्षार साठलेल्या कुंडीत रोज थोडं थोडं पाणी घालणं म्हणजे क्षार आणखी दाट करणं.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल वापरा. कपड्याच्या साबणाचं वापरू नका.

जमिनीत वाफे असतील तर आपली काळी माती वेगळे नखरे करते. सुकली की फाटते, भेगांतून खालची ओलही उडून जाते, आणि वरून पाणी सोडलं तर ते भेगांत शिरून खोल निघून जातं. आधी हलका शिडकावा करा, थोड्या वेळानं माती फुगून भेगा मिटू लागतात, मग पूर्ण पाणी द्या. मधल्या दिवसांत खुरप्यानं वरची इंचभर माती मोकळी करत राहिलं तर भेगा मुळात कमी पडतात.

माठाचा उपाय वेलवर्गीय भाज्यांना फार चांगला. पाच-सात लिटरचा, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, भोवती तीन-चार ढेमसाचे किंवा चवळीचे वेल लावायचे, माठ भरायचा आणि वर झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतील. मुळं माठाच्या अंगाला येऊन चिकटतात आणि लागेल तेवढं पाणी ओढतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरायचा. फक्त गेल्या वर्षीचा, घरात वापरून झालेला माठ सरळ पुरू नका. जुन्या माठात पाणी गार होत नाही म्हणून आपण तो बदलतो. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, त्यामुळे तो जमिनीतही पाझरणार नाही. पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून ओला लागला तरच तो कामाचा.

फुलं येतात, फळ धरत नाही

टमाटरचं हे दुखणं पाण्याचं नाही, खताचंही नाही. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २५ च्या वर पारा राहिला की टमाटरचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल देठासकट गळतं. मे महिन्यात आपल्या रात्रीच २८-३० च्या असतात. कितीही ताक, अंडी, केळ्याची सालं घातली तरी फळ धरणार नाही. झाड वाचवायचं असेल तर सावली करा, पाणी बेताचं ठेवा आणि पावसाची वाट पाहा. नाहीतर उपटून जागा मोकळी करा. मी तर उपटा असंच म्हणेन. आधीच लागलेली फळं झाडावर लाल होत नसतील तर त्याचंही कारण ऊनच : साधारण ३२ अंशांच्या वर लाल रंग तयार होणं थांबतं आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं. किंचित रंग फिरला की तोडून घरात, सावलीत ठेवा, छान पिकतं. फळाच्या एका बाजूला पांढरा, कागदासारखा डाग पडला असेल तर ते उन्हाचं भाजणं आहे. एप्रिलनंतर टमाटर-मिरचीची पानं छाटण्याची हौस करू नये ती यासाठी. पान हीच फळाची छत्री असते.

फळाच्या बुडाला काळा, बसका डाग म्हणजे पाण्याची अनियमितता. एक दिवस पूर, दोन दिवस उपास, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत चुना (कॅल्शियम) पोचत नाही. मातीत चुना कमी असतो असं नाही. आपल्या मातीत तर तो ढिगानं असतो.

दुधी-दोडक्याला नुसती नर फुलं येतात, हा उष्णतेचाच परिणाम. मादी फूल ओळखायचं ते मागच्या छोट्या फळावरून. ही दोन्ही फुलं संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर हलकंसं फिरवा. कारल्याला हेच सकाळी करायचं.

पानं फिक्कट, खाली जाळी

वांग्याच्या, भेंडीच्या पानांवर बारीक फिके ठिपके, पान हळूहळू तांबूस, खालच्या बाजूला अगदी बारीक जाळी : लाल कोळी. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका. ठिपके चालायला लागले तर शंका उरत नाही. कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते. रस्त्याकडेच्या बागेत, बांधकामाशेजारी तो हमखास येतो, कारण धुळीमुळे त्याला खाणारे कीटक टिकत नाहीत. औषधापेक्षा पाण्याचा फवारा मोठा : सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं जोरात, तीन-चार दिवस लागोपाठ. निंबोळी तेल वापरायचं तर लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, आणि फक्त सूर्य मावळल्यावर. उन्हात तेल फवारलं तर कोळी राहतो आणि पान जातं. गंधक मे महिन्यात नकोच.

मिरचीची वरची पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, आणि झाड खुजं राहून शेंडे गोळा झाले तर चुरडा-मुरडा हा रोग. तसं झाड काढून टाका, शेजारच्याला लागण होईल.

वारा

लू पश्चिम आणि वायव्येकडून येते. तिची खूण : झाडाची फक्त एकच बाजू करपते, वाऱ्याकडची. पाणी, खत, कीड यांपैकी कशानंही असं एकतर्फी नुकसान सहसा होत नाही, त्यामुळे निदान सोपं.

उपाय करताना लोक पत्रा किंवा जाड ताडपत्री उभी करतात. भरीव आडोशाला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे गरगरत खाली येतो, तिथली झाडं जास्त मोडतात. गच्चीच्या कठड्याआडही हेच होतं. वारा अडवू नका, गाळा. ५० टक्क्यांची हिरवी जाळी पश्चिमेला उभी बांधली तर निम्मा वारा थांबतो आणि भोवरेही होत नाहीत. जमिनीवर बाग असेल तर मक्याची किंवा तुरीची दाट ओळ तेच काम करते.

डोक्यावरची जाळी वेगळी. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेही त्याच सुमारास सुरू होतात. त्या दिवसांत भिंतीची सावली दुपारी बारा वाजता कुठेच पडत नाही, त्यामुळे "भिंतीशी आहे ना, सावली मिळते" हा भरवसा मार्चपुरता ठीक. भाज्यांना ५० टक्क्यांची जाळी पुरे. ७५ ची लावली तर झाडं लांबडी, किरकोळ होतात. ती पानांना टेकू देऊ नका, निदान सात फूट उंच बांधा.

आणि मे महिन्यात संध्याकाळी जे वादळ उठतं, त्यात हीच जाळी शिडासारखी फुगते आणि बांबूसकट शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडते. चारही बाजूंनी पक्की शिवण्यापेक्षा दोन बाजूंना सहज सुटणारी गाठ ठेवा. हवामान खात्याच्या नागपूर केंद्राचा वादळाचा इशारा आला की पाच मिनिटांत गुंडाळता आली पाहिजे. गारपिटीत मात्र जाळी असलेली बरी. मार्च-एप्रिलची अवकाळी विदर्भाला नवी नाही. विजा कडाडत असतील तर गच्चीवर जाऊ नका, जाळी गेली तर गेली.

धूर, राख आणि आग

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी वनखातं जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) साफ करतं, उपग्रहावरून आगीच्या सूचना येत राहतात. आपल्याकडच्या जंगलात आग बहुतेक वेळा आकाशातून पडत नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, शेतकरी पेरणीआधी धुरे (बांध) आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) जाळतात, आणि वाऱ्यानं ती हाताबाहेर जाते. पण शहरातल्या बागेला पेंचच्या वणव्यापेक्षा शेजारचा रिकामा प्लॉट जास्त जवळचा. बेसा, हिंगणा रोड, गोरेवाड्याकडची ले-आउट पाहा : दोन घरं, मग कमरेएवढं वाळलेलं गवत, मग एक घर. मार्चमध्ये निंबाचा आणि सागाचा पाला पडतो, कुणीतरी झाडून ढीग करतो आणि काडी लावतो.

"काहून जाळून राहिले भाऊ? गवत पेटंल ना!" असं म्हटलं की उत्तर मिळतं, "थोडासाच हाय, आत्ता इझते." उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपये दंड ठरवून दिला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार. दंडाची भाषा शेजाऱ्याशी फार चालत नाही. "पाला मला द्या, मी खत करतो" ही चालते, आणि तुम्हाला फुकट पाला मिळतो.

इथे एक पेच आहे. मातीवर तणस (भाताचा पेंढा), कुटार (भुसा) किंवा वाळला पाला तीन बोटं जाड अंथरला तर पाणी निम्म्यानं वाचतं असं आपण सगळ्यांना सांगतो, मीही सांगतो. पण ४५ अंशांत वाळलेलं तणस म्हणजे पेटायला तयार असलेला थर. उडत आलेली एक ठिणगी पुरे. म्हणून ते नुसतं मोकळं टाकू नका. अंथरून झाल्यावर वरून बारीक खत किंवा माती भुरभुरा, पहाटेच्या पाण्यानं ओलं होऊ द्या. कंपाउंडच्या भिंतीलगत आणि घराच्या भिंतीलगत तीन-चार फुटांची पट्टी उघडी, साफ ठेवा. ही तुमची जाळरेषा. सुक्या पाल्याची पोती गॅस सिलिंडर, इन्व्हर्टर, कूलरची तात्पुरती वायर यांच्याजवळ नकोत. हिरवी जाळी प्लास्टिकची असते, ठिणगी पडली की वितळून थेंब खाली पडतात. आणि कोरड्या कोकोपीटवर विडी-सिगारेट विझवू नका, ते ज्वाळा न दाखवता तासन्‌तास धुमसतं.

शेजारचं गवत पेटलंच तर १०१. जंगलात किंवा जंगलालगत धूर दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. बागेचा पाइप घेऊन पेटलेल्या गवतात शिरायचं नाही. आपल्या बाजूची पट्टी ओली करत राहायचं, तेवढंच. अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, पण ते काम शिकलेल्यांनीच करावं.

धूर येऊन गेल्यावर पानांवर राखेचा थर बसतो. त्यानं उजेड अडतो, पानांची रंध्रं बुजतात, झाड दोन-चार दिवस सुस्तावतं. धुराचा परिणाम सहसा आपोआप ओसरतो, थर मात्र काढावा लागतो. आधी कोरड्या मऊ झाडूनं झटका, मग पहाटे पाण्यानं धुवा. उलटं केलं तर राखेचा चिखल होऊन पानाला चिकटतो. पालेभाजी तोडताना बाहेरची पानं टाकून द्या, बाकीची दोन-तीन पाण्यांतून काढा. आग कचऱ्याची असेल, म्हणजे धुराला प्लास्टिकचा वास येत असेल, तर त्या वेळची पालेभाजी सरळ खड्ड्यात. वांगी, दुधी, भेंडी धुऊन-पुसून चालतील.

लोक राख गोळा करून कुंडीत घालतात. आजी मिरचीवर राख भुरभुरायची, मावा जायचा, हे खरं. पण राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती, बोअरचं पाणी, दोन्ही आधीच त्याच बाजूला झुकलेली. त्यात मूठमूठ राख पडत गेली की झाडाला लोह मिळेनासं होतं. खूण : सर्वांत वरची, नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. जुन्या पानांपासून सुरू होणारा पिवळेपणा वेगळा, तो नत्राचा. लोहासाठी लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून सूर्यास्तानंतर पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. आणि राख बंद. जमिनीत वाफे असतील तर एकदा माती तपासून घ्या, सामू (पीएच) कळला की अर्धे अंदाज संपतात.

काय लावायचं, काय सोडायचं

मे महिन्यात टिकणारी मंडळी ठरलेली आहेत : भेंडी, गवार, चवळी, ढेमसं, दोडकं, कारलं, वांगं, आंबाडी, चवळाई. यांची पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली असेल तर मुळं ऊन चढायच्या आत खोल गेलेली असतात. एप्रिलमध्ये नर्सरीतून आणलेलं कोवळं रोप लावणं म्हणजे पैसे वाया. पालक आणि सांबार जाळीखाली, थोडा थोडा, कोवळाच तोडायचा. मोठा होऊ देण्याच्या नादात तो फुलावर येतो. युरिया आणि कुठलंही ताजं, गरम खत पाऊस येईपर्यंत बंद.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जाळीखाली वांग्या-मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकून ठेवा. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, पण पहिल्या सरीवर भुलू नका. त्यानंतर आठवडाभर पुन्हा ४२ चं ऊन पडू शकतं, आणि लावलेली रोपं त्यात जातात. वीतभर खोल ओल गेली की लावा. तोवर मातीवर अंथरलेलं तणस बुडापासून चार बोटं मागे सारा, नाहीतर पहिल्याच झडीत त्याखाली गोगलगायी आणि बुडकूज सुरू होते.